वीस मिनिटं

नियम साधा आहे.
कोरड्या काचेच्या नळीत थोडंसं रक्त.
हलवायचं नाही, पुन्हापुन्हा बघायचं नाही.
वीस मिनिटांनी नळी आडवी करायची.
थिजलं, तर निम्मी भीती गेली.
वाहिलं, तर बहुतेक फुरसं.

पाटोद्याच्या दवाखान्यात
एकोणीस वर्षं मी हे घड्याळ पाहिलं.
समोरच्या बाकावरची माणसं माझ्या हाताकडे बघत,
जसं काही रक्त मीच थिजवणार होते.

एका आषाढात तिथं माझी जाऊ बसली होती, द्रौपदा.
हिरड्यांतून आलेलं पदराला पुसत म्हणाली,
"चावलं न्हाई गं, नुसतं खरचाटलं.
गवऱ्या काढताना करकर वाजलं,
मला वाटलं तव्यावर मोहरी."
नळी वाहिली.
होत्या तेवढ्या बाटल्या लावल्या.
बीडला नेताना, मांजरसुंब्याच्या घाटात,
तिनं विचारलं, किती राहिलं?
पुढचं मी वहीत लिहिलं नाही.

त्यानंतर टेकावर कुणी फुरसं ठेचलं
की मला कळवत. मी चहा पाजायचे.

परवा जुन्या वह्या चाळल्या.
आधी ओळीखाली ओळ, माझ्याच अक्षरात,
फुरसं, फुरसं, घोणस, फुरसं.
मग घोणस, मण्यार, विंचू, पुन्हा घोणस.
शेवटचे तीन पावसाळे
त्या रकान्यात नुसती रेघ.
डॉक्टर म्हणाले, चांगलंय की.
मी म्हणाले, चांगलंय.
आणि वही मिटेना.

यंकप्पा धोत्रे बोटाला टाका घालायला आला होता.
त्याचा बाप, आजा, सगळे दगडातले.
म्हणाला, "पहिलं दगड उलटायच्या आधी
आमी त्याला टिकाव वाजवून इचारायचो, कोण हाय का?
आता भ्याव न्हाई, बाई.
आता दगडच कुठं हाय?
निम्मं खापरटेक क्रशरनं खाल्लं,
निम्म्याचे पलाट पाडले."

मोटारी भरणारा साहिल पठाण
रात्री बॅटरी घेऊन उरलेल्या टेकावर फिरतो.
अकरा रात्रींत एक कात
आणि एक जिवंत.
बरणीत घालून त्यानं दवाखान्यात आणलं ते,
वीतभर लांब,
डोक्यावर चिमणीच्या पायाचा ठसा,
मातीच्या रंगाचं, आणि माझ्यावर चिडलेलं.
अंगावर अंग घासत
ते वेटोळ्यातच फिरत राहिलं.

करकर.
तव्यावर मोहरी.

मी खुर्ची धरली.
साहिल म्हणाला, "ताई, तुमच्या कपाटातली बाटली
कुठल्या लांबच्या फुरशाच्या विषावर बनलीय.
आपलं जरा वेगळं असलं तर?
ते संपल्यावर कुणाला विचारायचं?"
मला उत्तर सुचलं नाही.
मला हेही सांगता आलं नाही
की मला ते नको होतं,
आणि त्याचं नसणंही नको होतं.

संध्याकाळी आम्ही टेकावर गेलो.
ग्रामसभेत भांडून भांडून वाचलेले दोन एकर,
मुरूम, कुसळी, काळे दगड.
यंकप्पानं अर्धा दिवस बुडवून
दगडावर दगड ठेवले होते, मधे फटी सोडून.
आयुष्यभर फोडले, म्हणाला, हे पहिल्यांदाच.
साहिलनं बरणी आडवी केली.
जमीन तापली असावी तसं
ते तिरपं तिरपं सरकत गेलं
आणि दिसेनासं झालं.

सवयीनं मी घड्याळ बघितलं.
वीस मिनिटं तिथंच बसले.
आडवं करून बघायला हातात काही नव्हतं.

टेकाच्या पायथ्याला पंचायतीची पाटी आहे:
इथला दगड उचलू नये.
तिच्या खाली कुणीतरी चुन्यानं लिहिलंय,
आन चावलं तर?

त्याच्या खाली मी
दवाखान्याचा नंबर लिहिला.